सही तपासायचं तीसपट भिंग: पांढरा दिवा गेला, जांभळ्याने लाज राखली

घडीचं भिंग, त्यात एक पांढरा एलईडी, एक जांभळा, सोबत रेग्झिनचं पाकीट. सगळे विक्रेते हाच माल वेगवेगळ्या नावांनी विकतात, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. मला ३४९ ला पडलं. गणपतीच्या सुमारास पांढरा दिवा बंद पडला. सेल बदलले, घड्याळजीने मीटर लावून पाहिलं. सेल ठणठणीत, दिवाच गेलेला. विक्रेत्याला फोटोसकट तक्रार पाठवली, तर उत्तर आलं, ‘लाइट हा कन्झ्युमेबल पार्ट आहे, वॉरंटीत येत नाही.’ एलईडी म्हणजे काय उदबत्ती आहे, जळून संपायला?

त्याच दिवशी एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. राहून गेलं ते बरंच झालं.

आधी ते तीसपट प्रकरण. हे तीसपट नाही. खाली मिलिमीटरची पट्टी ठेवा, एका डोळ्याने भिंगातून आणि दुसऱ्याने नुसतं बघा. जेमतेम दहापट भरतं. पण फोटोवरची सही बघायला दहापटच हवं. त्याहून मोठं केलं की शाईचा डाग तेवढा दिसतो, रेघ हरवते. खरं-खोटं ठरतं ते रेघ सुरू कशी झाली, कुठे वेग घेतला आणि शेपूट निमुळतं सुटलं की बोथट थांबलं, यावर. बघून बघून काढलेली सही सावकाश जाते. मग वळणावर हात थरथरतो, आणि एरवी एका झटक्यात जाणाऱ्या रेघेत मध्येच पेन उचलून पुन्हा टेकवल्याचा सांधा दिसतो. हे दहापटीत स्वच्छ दिसतं. तेव्हा जाहिरातीतल्या थापेबद्दल मार्क कापत नाही.

कापतो ते दिव्याबद्दल. दोन्ही दिवे भिंगाच्या कडेला घट्ट बसवलेले, उजेड सरळ वरून पडतो. चकचकीत फोटोवर वरून उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं. बॉलपेनने कागदात पडलेली चर असो की कागदावर बसलेला मार्करचा थर, दोन्ही दिसतात आडव्या उजेडात. मोबाइलचा टॉर्च फोटोच्या कडेला टेबलालगत धरा, भिंग वर धरा. फुकटात काम होतं. म्हणजे पांढरा दिवा चालू होता तेव्हाही तो कामाचा नव्हता, आणि मी त्याच्यासाठी विक्रेत्याशी हुज्जत घालत होतो.

मेव्हण्याने ऑनलाइन मागवलेला सचिनचा फोटो तपासताना हे पक्कं झालं. नोव्हेंबर २०१३, वानखेडे, दोनशेवी कसोटी, निरोपाचा क्षण. खाली काळ्या मार्करची सही, फ्रेम, होलोग्राम, प्रमाणपत्र. सगळीकडे सांगतात की भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर सही छापील. इथे एकही ठिपका नाही. मेव्हणे खूश. पण ठिपके ऑफसेटच्या किंवा इंकजेटच्या छपाईत दिसतात. लॅबमध्ये फोटोपेपरवर धुऊन काढलेल्या प्रिंटला ठिपके नसतातच, आणि मूळ फोटोवरच्या एका सहीच्या अशा हव्या तेवढ्या प्रती निघतात. म्हटलं, ‘दाजी, फ्रेममधून काढा.’ फोटो ट्यूबलाइटखाली तिरपा धरला. ट्यूबची चमक पांढऱ्या भागावरून सरकत आली आणि सहीवरून तशीच पुढे गेली, कुठे अडली नाही. खरा मार्कर असता तर रेघेपाशी चमक तुटली असती. चकचकीत कागदावर ती शाई मंद दिसते नाहीतर तांबूस-जांभळी झाक मारते. मग त्याच विक्रेत्याच्या यादीतले बाकीचे फोटो बघितले. सगळ्यांवर सही त्याच कोनात, शेवटच्या फटकाऱ्यासकट मिलिमीटरला मिलिमीटर तीच. माणूस दोनदा इतकी तंतोतंत सही करत नाही. या तपासणीत भिंगाचं श्रेय शून्य.

होलोग्रामबद्दल मेव्हण्यांचा अजून विश्वास आहे. त्यांना बेसबॉलची गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एफबीआयने ऑपरेशन बुलपेन नावाने खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या, तेव्हा खोट्या सह्यांसोबत प्रमाणपत्रंही सापडली. मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा निघाले! सॅन दिएगोचा खेळाडू टोनी ग्विन याला तर स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या खोट्या सह्या दिसल्या होत्या. त्यानंतर २००१ पासून मेजर लीग बेसबॉलने वेगळी पद्धत धरली: सही होताना त्रयस्थ माणूस समोर उभा असतो आणि त्याने पाहिलेल्या वस्तूलाच क्रमांकाचा होलोग्राम लागतो. त्या स्टिकरला किंमत आहे ती त्या उभ्या राहिलेल्या माणसामुळे. आपल्याकडचं स्टिकर कुणीही छापून घेतो.

आता जांभळा दिवा. हा मी नोटा तपासायचा फालतू प्रकार समजून विसरलो होतो. पांढरा गेल्यावर चुकून तोच लागला. ओळखीचे एक काका जुन्या बाजारातून रणजींचं सही केलेलं फोटो-पोस्टकार्ड घ्यायच्या बेतात होते, घेण्याआधी दाखवायला आले. विक्रेता चार आकडी भाव सांगत होता. दिवे घालवून जांभळा लावला. आधी माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर धरून पाहिला. धुण्याच्या पावडरीत चमक आणणारं रसायन असतं, त्यामुळे बाही निळी पेटली. मग कार्डावर धरला. कार्डही तसंच निळं पेटलं. हे रसायन फोटोच्या कागदात साधारण १९५० च्या दशकापासून येऊ लागलं, आणि रणजी गेले २ एप्रिल १९३३ ला.

काका म्हणाले, ‘कुठे ओलं झालं असेल, साबण लागला असेल.’ असू शकतं. म्हणून सही भिंगाखाली घेतली. टाक किंवा निबवाल्या पेनाची रेघ दाब दिल्यावर दोन्ही कडांना गडद होते, कारण निब फाकतं. इथे तसं काही नव्हतं. रेघेच्या पोटात बारीक पांढरी चीर, वळण संपलं की शाईचा छोटा गोळा, आणि आडव्या टॉर्चमध्ये सलग चर. सरळसरळ बॉलपेन. लास्लो बिरोने त्याचं पेटंट घेतलं १९३८ मध्ये. काकांचे पैसे वाचले. त्यांनी चहा पाजला, तोही माझ्याच घरी.

एक मात्र ध्यानात ठेवा. कागद पेटला तर तो नवा असल्याचा संशय घ्या. नाही पेटला म्हणून जुना ठरवू नका. ते रसायन नसलेला कागद आजही मिळतो.

हाताने केलेली खोटी सही असेल तर भिंग फक्त पेन खरं असल्याचं सांगतं, हात कुणाचा ते नाही. त्यासाठी त्या खेळाडूच्या त्याच काळातल्या, खात्रीच्या सह्या शेजारी ठेवायला लागतात. पुण्यात सहकारनगरला ब्लेड्स ऑफ ग्लोरी संग्रहालयात सह्या केलेल्या बॅटी बघायला मिळतात, पण बॅटीवरची सही आणि फोटोवरची सही यांत फरक पडतो. लाकडावर मार्कर वेगळा पळतो. मामांकडे गावसकरांचा फोटो आहे, १९७३ च्या इंग्लंड कसोटीच्या वेळी ब्रेबॉर्नवर सही घेतलेला. मी भिंग काढलं तर म्हणाले, ‘अरे, माझ्या समोर केलीये, तू काय बघतोस त्यात?’ बेसबॉलवाल्यांचा नियम लावला तर मामांचं म्हणणं बरोबर आहे. तरी बघितली. बॉलपेन, वेगात, शेपूट निमुळतं.

साडेतीन स्टार. अर्धा त्या ‘कन्झ्युमेबल’साठी कापला. बिजागरीचा स्क्रू सैल होतो, चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने आवळा. रेग्झिनच्या पाकिटाचे पोपडे निघून काचेवर बसतात, ते फेकून द्या. जांभळा दिवा नसलेलं मॉडेल शंभरेक रुपयांनी स्वस्त मिळतं, ते घेऊ नका.