मेडिक्लेम, महात्मा फुले योजना आणि डोक्याची गंभीर दुखापत: कवच कुठपर्यंत पुरतं?

रुग्ण बेशुद्ध आहे, जीसीएस (शुद्धीची पातळी मोजणारा 3 ते 15 चा आकडा) 8 च्या खाली आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूवर रक्ताची गुठळी दिसतेय. अशा वेळी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना खरोखर कामी येते. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच, ऑपरेशन आणि आयसीयू कॅशलेस. रेशनकार्ड हाताशी नसलं तरी आरोग्यमित्रामार्फत (रुग्णालयातला योजनेचा माणूस) फोनवर तातडीची मंजुरी मिळू शकते. घोळ दुसरीकडे होतो. रुग्णालय योजनेत असतं, पण न्यूरोसर्जरीसाठी नसतं, कारण मान्यता विभागवार दिली जाते. त्यामुळे एकाने 108 च्या गाडीत बसावं आणि दुसऱ्याने तेवढ्यात योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर हे विचारून घ्यावं.

रस्ते अपघातासाठी केंद्राची 2025 ची कॅशलेस योजना आहे: दीड लाखापर्यंत, अपघातापासून 7 दिवस. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सातव्या दिवशी बहुधा आयसीयूतच असतो, म्हणून पुढची सोय पाचव्या दिवसापर्यंत लावायला हवी.

खाजगी मेडिक्लेममध्ये अपघाताला नव्या पॉलिसीची सुरुवातीची 30 दिवसांची प्रतीक्षा लागू नसते, ही मोठी जमेची बाजू. पण खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि त्यावरची खोली घेतली, तर डॉक्टरांची, ऑपरेशनची फीसुद्धा कंपनी त्या प्रमाणात कमी देते. आयसीयूतून वॉर्डात हलवताना हे बघा.

खरी परीक्षा डिस्चार्जनंतर असते. गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी छिद्र पाडून बसवलेली नळी), नाकात नळी, एक बाजू लुळी, बोलणं अडखळतं. सुधारणा सर्वात जास्त पहिल्या सहा महिन्यांत होते आणि नेमकं तेव्हाच कवच आटतं. फुले योजनेत फॉलोअप 10 दिवस. मेडिक्लेममध्ये बहुधा 60 दिवस, तेही न्यूरोसर्जनने फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी तारखेसह लिहून दिली असेल तर. आंघोळ घालणं, कूस बदलणं यासाठीची आया किंवा नर्स पॉलिसीच्या ठरलेल्या अपवादांतच मोडते, म्हणजे तो खर्च मिळत नाही. मग घरचे थेरपी थांबवतात. सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात आणि माणूस पुन्हा दवाखान्यात. यावर आमचं मत ठाम आहे: पॉलिसीतला सर्वात वाईट अपवाद हाच.

कवटीचं हाड काढून ठेवलं असेल तर ते बसवायचं दुसरं ऑपरेशन काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होतं. तोपर्यंत विम्याची रक्कम संपलेली असू शकते. रिन्यूअल चुकवू नका, नव्या वर्षात रक्कम पुन्हा भरते.

20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना स्वस्त आहे, पण तिचं अपंगत्व डोळे आणि हातापायांवरच मोजलं जातं. स्मरणशक्ती गेली, वाचा गेली, तर दावा बसत नाही.

या सगळ्यांत बरं होण्याच्या काळाला धरून राहतं ते ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. कामावर किंवा कामाच्या वाटेवर अपघात झाला, तर तात्पुरतं अपंगत्व असेपर्यंत मजुरीच्या 90 टक्के भत्ता मिळतो. कामगाराचं ईएसआय कार्ड असेल तर मालकाकडून अपघाताची नोंद लगेच करून घ्या.