मधमाश्यांवर प्रोजेक्ट करताय? काचेची पेटी, रंगाचे ठिपके की दारातली मोजणी

एमएस्सीला मधमाश्या घेतल्या की बहुतेकांच्या डोक्यात आधी काचेची पेटीच येते. साहजिक आहे म्हणा, कार्ल फॉन फ्रिश यांनी अशाच पेटीत माश्यांचा नाच, म्हणजे खाणं कुठे आहे ते एकमेकींना सांगायची त्यांची खूण, वाचला आणि १९७३ला नोबेल मिळालं. पण तुमच्या हातात एकच सीझन असेल आणि पेटीत आपली सातेरी (पाळली जाणारी देशी मधमाशी) असेल तर थोडं थांबा.

काचेच्या पेटीत एक-दोन चौकटी, माश्या कमी, त्यामुळे आतलं तापमान सांभाळताना त्यांची दमछाक होते, आणि सातेरीला सारखं डिवचलं की सगळं सोडून निघून जाते, मग तुम्ही आणि रिकामी काच. मेलिफेरा, म्हणजे पाळली जाणारी युरोपियन जात, त्यामानाने टिकते. बरं, नाच दिसला म्हणजे काम झालं असंही नाही. दिशा सोपी आहे, नाचाची रेष उभ्या रेषेशी जो कोन करते तोच कोन बाहेर सूर्याच्या दिशेशी. अंतराचं मात्र मेलिफेराचं गणित सातेरीला लावू नका, तेवढ्याच अंतरासाठी सातेरी जास्त वेळ नाचते. म्हणजे आधी साखरपाण्याची बशी मोजलेल्या अंतरांवर ठेवून स्वतःचा तक्ता बनवायचा, त्यातच महिना जातो. 'माश्या कुठे जातात' हाच प्रश्न असेल तरच एवढा खटाटोप करा.

रंगाचे ठिपके कधी? कुठल्या वयाची माशी काय काम करते, कितव्या दिवशी बाहेर पडते असं काही विचारायचं असेल तेव्हा. बाहेर येणाऱ्या पिल्लांची चौकट ३४-३५ अंशाच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, नुकत्या निघालेल्या माश्या उडत नाहीत आणि नीट डंखही मारू शकत नाहीत, तेव्हाच पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या पेनने छातीवर वरून बारीक ठिपका द्यायचा. पंखाला किंवा मिशांना रंग लागला की ती माशी गेली. पेटीत परत सोडल्यावर बऱ्याच पुन्हा दिसतच नाहीत, म्हणून सढळ हाताने रंगवा.

माझं मत विचाराल तर पेटीच्या दारातली मोजणी. दिसायला फालतू वाटते, गाईडलाही सुरुवातीला वाटेल, पण डेटा याच्यातच मिळतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला पाच मिनिटं, परत येणाऱ्या किती, त्यातल्या पायाला पराग लावलेल्या किती, सोबत तापमान आणि ढग. तीच माशी दोनदा मोजली गेली तरी बिघडत नाही कारण आपण माश्या नाही, फेऱ्या मोजतोय. दारासमोर उभं राहू नका, बाजूला बसा, नाहीतर येण्याची वाट अडते. आणि एकाच पेटीवर पाच मिनिटं दहादा मोजली म्हणजे सॅम्पल दहा झालं असं लिहू नका, पेट्या जास्त हव्यात.

याला परागाची स्लाइड जोडली की प्रोजेक्ट भक्कम होतो. परतणारी माशी जाळीत धरायची, पायावरची परागाची गोळी काढायची, फुक्सिन (गुलाबी रंगद्रव्य) घातलेल्या ग्लिसरीन जेलीत ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायची. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे गोळी बरीचशी एकजात निघते. पण आधी परिसरातल्या फुलांच्या तुमच्या स्वतःच्या रेफरन्स स्लाइड्स हव्यात, जांभूळ, हिरडा, गेळा जे असेल ते, नाहीतर नुसते सुंदर गोळे बघत बसाल. तयार पराग ट्रॅप (दारात लावायची, माशीच्या पायावरची गोळी पाडणारी जाळी) मागवणार असाल तर भोकाचं माप बघा, मेलिफेराच्या मापाच्या जाळीतून सातेरी गोळीसकट आरामात आत जाते. आणि मक्याचा पराग भरपूर सापडला म्हणून मध मक्याचा असं ठोकून देऊ नका, मक्यात मकरंद नसतोच.

पेटीचं वजन करायचं तर अंधार पडल्यावर, सगळ्या परतल्या की. फक्त मध किती चढला एवढंच हवं असेल तर ते पुरतं.

आग्याच्या पोळ्यावर यातलं काहीच एकट्याने करायला जाऊ नका. पेटी हाताळायची सवय नसेल तर पुण्यात १९६२ पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे ट्रेनिंगची चौकशी करा. महाबळेश्वरकडे काम करणार असाल तर त्या वर्षी कारवीचं झुडूप फुलणार आहे का तेही आधी विचारा, ते आठ वर्षांनी एकदाच फुलतं आणि त्या सीझनचे आकडे इतर वर्षांना लागू होत नाहीत.