मॉडेलची सांध भरायला पुट्टी की सुपरग्लू?

प्लास्टिकच्या मॉडेल विमानाच्या धडाचे दोन भाग चिकटवले की पाठीवर सांध राहतेच. ती भरायला बहुतेकजण तामिया या जपानी मॉडेल कंपनीची ट्यूबमधली करडी पुट्टी घेतात. खोलगट डागाला ती ठीक, पण तिच्यातला सॉल्व्हंट उडतो तशी ती आकसते. आज सपाट घासलेली जागा दोन दिवसांनी पुन्हा बसलेली दिसते. म्हणून पातळ थर द्या, रात्रभर वाळू द्या आणि मग दुसरा.

सुपरग्लू जवळजवळ आकसत नाही. टूथपिकने सांधेत ओढला, ॲक्सिलरेटरचा (सुपरग्लू झटपट घट्ट करणाऱ्या द्रवाचा) थेंब लावला की लगेच पॉलिशपेपर चालवता येतो. मात्र घासणं त्याच बैठकीत उरका. उद्यावर टाकलंत तर तो प्लास्टिकपेक्षा टणक होतो. मग आजूबाजूचं प्लास्टिक झिजतं आणि सांध उंचवट्यासारखी वर राहते. थोडी टाल्कम पावडर मिसळली तर घासायला मऊ पडतो.

घासताना पुसलेली पॅनल लाइन (विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणारी कोरीव रेघ) पुन्हा कोरायची असेल, तर माझं मत सरळ सुपरग्लूला. पुट्टीत सुई फिरवली की कडा भुसभुशीत होऊन तुटतात. पुट्टी असो वा सुपरग्लू, घासताना आधी ४०० नंबरचा पेपर पाण्यात बुडवून, मग ६०० आणि १०००. शेवटी प्राइमरचा हात मारा. सांधेची राहिलेली रेघ तिथेच उघडी पडते.