स्वतःच्या मनात डोकावायला टॅरो: तीन डेक, एकच पत्ता

तुम्हाला भविष्य विचारायचं नाही, आपल्या मनात काय चाललंय ते बघायचंय आणि त्यासाठी टॅरोचा डेक, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांचा संच, घ्यायचाय. दुकानात डेक ढिगाने दिसतील, पण बहुतेकांचं मूळ तीन घराण्यांत सापडतं: रायडर-वेट-स्मिथ, मार्सेय आणि थॉथ. तिन्हींत पत्ते 78च; 22 ‘मोठे’, म्हणजे स्वतंत्र चित्रांचे, आणि 56 ‘छोटे’, म्हणजे नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांत विभागलेले. फरक उघडा पडतो तो छोट्या पत्त्यांत. म्हणून तिन्हींतली पेल्यांची पंजी, म्हणजे पेल्यांच्या रंगातला पाचाचा पत्ता, शेजारी शेजारी ठेवू.

रायडरच्या पंजीत काळ्या झग्यातला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले सांडलेत, पाठीशी दोन शाबूत आहेत, लांब नदीवर पूल आहे. कुणाची नजर सांडलेल्यावरच खिळते. कुणाला आधी पूल दिसतो. कुणी वैतागून म्हणतं, ‘हा मागे वळून बघत का नाही?’ हा वैताग नक्की कुणावर आहे, ते लिहायला बसलात की खरं काम सुरू होतं. 1909 साली लंडनमध्ये गूढविद्येचे अभ्यासक ए. ई. वेट यांच्यासाठी ही चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. त्यांचा रंगभूमीशी जवळचा संबंध होता, आणि तो पात्रांच्या उभं राहण्यात दिसतो. छोट्या पत्त्यांनाही त्यांनी पूर्ण प्रसंग दिले. या कामासाठी मला त्याहून मोलाचं काही वाटत नाही.

मार्सेयच्या पंजीत पाच पेले आणि थोडी वेलबुट्टी, बस्स. गोष्ट सगळी तुम्ही आणायची. रोजनिशीची सवय असलेल्याला ही मोकळीक आवडते. नवखा मात्र पत्त्याकडे नुसता बघत बसतो. मोठे पत्ते इथेही बोलके आहेत. तेराव्यावर लांब दांड्याचा विळा घेतलेला सांगाडा असतो आणि बहुतेक जुन्या संचांत त्याला नावच नसतं. रायडरमध्ये तिथे सरळ ‘डेथ’ छापलंय.

थॉथ गूढविद्येवर लिहिणाऱ्या अलिस्टर क्रोलींचा, चित्रं फ्रीडा हॅरिस यांची. देखणा आहे, पण पंजीवर ‘डिसअपॉइंटमेंट’ असं छापूनच ठेवलंय. तुम्हाला काय वाटलं हे विचारायच्या आधीच उत्तर हातात! या कामासाठी तो घेऊ नका.

डेकसोबत मिळणारी अर्थांची पुस्तिकाही हेच करते. 1948 साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘तुझं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर दिला. मुलांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. मोघम वाक्य कुणालाही आपलंच वाटतं. तेव्हा आधी पत्ता बघून स्वतःचं लिहा, पुस्तिका नंतर उघडा.

सुरुवात रायडरपासून करा. पुढे त्याचे अर्थ पाठ होऊन उत्तरं ठरावीक यायला लागली, तर मार्सेयकडे वळा. आणि रायडरच्या धर्तीचा एखादा नवा, सुंदर डेक आवडला, तर घेण्याआधी त्यातले पेले-तलवारींचे छोटे पत्ते जरूर पाहा. प्रसंगाऐवजी नुसती नक्षी असेल तर तो मार्सेयच समजा.