कडप्प्याच्या ओट्याखाली घरची ट्रॉली: 18 इंची टेलिस्कोपिक चॅनलची पारख

सोलापुरातल्या कितीतरी घरांत ओट्याखाली अजून कडप्प्याचे खोल कप्पे आहेत. पुढे चहा-साखर, मागे ज्वारीच्या पिठाचा डबा. तो काढायचा म्हणजे खाली बसून आधी अर्धा कप्पा रिकामा करा. स्टीलच्या जाळीची तयार ट्रॉली ठरावीक मापातच मिळते, त्यामुळे बाजूची जागा फुकट जाते आणि शेंगाचटणीची छोटी बरणी जाळीत कलंडते ती वेगळीच. त्यापेक्षा बॉल-बेअरिंगचं, 18 इंच लांब, 45 मिमी उंचीचं टेलिस्कोपिक चॅनल (ट्रे ज्यावर आत-बाहेर सरकतो ती लोखंडी पट्ट्यांची जोडी) आणि प्लायचा ट्रे हा मेळ कधीही सरस.

चॅनल उत्तम, पण मापाला भारी हट्टी. प्रत्येक बाजूला 12.7 मिमी जागा लागते, दोन्ही मिळून 25 ते 26. 24 ठेवली तर ट्रे अडकतो, 28 झाली तर डुलतो आणि चॅनलमधली बेअरिंगच्या गोळ्यांची पट्टी लवकर खराब होते. माप मात्र कप्प्याच्या आत घेऊ नका, दाराच्या चौकटीत घ्या. चौकट आणि बिजागरी आत आलेली असते. बहुतेक ट्रे तिथेच आपटतात. बिजागरी सोडून 440 मिमी मोकळे मिळाले, तर ज्यांवर चॅनल बसतं त्या दोन आधारपट्ट्यांमधलं अंतर 440 आणि ट्रेची बाहेरची रुंदी 414.

चॅनल थेट कडप्प्यावर ठोकायच्या भानगडीत पडू नका. हॅमर ड्रिल लावलं की कडप्पा थराथरांनी सुटतो. 18 मिमी प्लायची पाटी तळाला, तिच्यावर त्याच प्लायच्या पाच इंच उंच दोन आधारपट्ट्या, आणि पट्टी व कडप्पा यांच्यामधल्या फटीत लाकडाचे तुकडे. पाटीच्या मागच्या टोकाला एक उभी दांडी वरच्या कडप्प्याखाली घट्ट बसवाच. ती नसेल तर भरलेला ट्रे पूर्ण ओढल्यावर अख्खा सांगाडा पुढे उलटतो.

ट्रेच्या बाजू 12 मिमी प्लायच्या, चार इंच उंच. तळही 12 मिमीच. सुतार 6 मिमी सुचवेल, पण दहा किलो पिठाखाली त्याला झोळ येतो. तळ खालून फेव्हिकॉल लावून, दर चार इंचांवर स्क्रूने आवळा. चॅनलला पाऊण इंची स्क्रू नको, तो आत डोकावतो. 12 मिमीचा, चपट्या डोक्याचा घ्या. डोकं वर राहिलं तर गोळ्यांची पट्टी त्यालाच अडते. आधी फक्त लांबट भोकांत स्क्रू, ट्रे सरळ चालला की मग गोल भोकांत. ट्रे काढताना चॅनलमधली काळी प्लास्टिकची जीभ एका बाजूला वर, दुसरीकडे खाली दाबायची असते.

पॅकवर साधारण 35 किंवा 45 किलो लिहिलेलं असतं, ते जोडीचं आणि सारखं पसरलेल्या वजनाचं. जड डबे मागे ठेवा.

खरी उणीव एकच: झिंकचा मुलामा सिंकखालच्या ओलीला टिकत नाही, तिथे हे चॅनल लावूच नका. करकर आली म्हणून गोडेतेल सोडू नका. तेलात पीठ बसून चिकट लगदा होतो. कोरड्या ब्रशने झाडून सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा पुरतो. घेताना दुकानातच पूर्ण उघडून आडवं धरा. टोक लगेच खाली झुकलं तर पत्रा पातळ आहे, दुसरी जोडी मागा.