निदान शेरिफसाठी तरी ‘रॉझवेल’ बघा

‘रॉझवेल’चं नाव काढलं की लोक मॅक्स आणि लिझच्या प्रेमाबद्दल बोलायला लागतात. मी शेरिफबद्दल, म्हणजे त्यातल्या पोलीसप्रमुखाबद्दल बोलते. त्यामुळे या मालिकेवर माझ्याशी फार वेळ कोणी बोलत नाही. तेव्हा इथे मनसोक्त लिहून घेते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी : 1999 ते 2002, तीन सीझन, 61 भाग. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, रॉझवेलजवळ 1947 मध्ये काहीतरी पडलं. सैन्याने आधी ‘उडती तबकडी सापडली’ असं जाहीर केलं आणि लगेच ‘हवामानाचा फुगा होता’ म्हणून हात झटकले. मालिकेतलं गाव त्या फुग्यावरच पोट भरतं. लिझ पार्कर वडिलांच्या ‘क्रॅशडाउन’ कॅफेत डोक्यावर लुकलुकते अँटेना लावून पर्यटकांना बर्गर वाढते. एक दिवस दोन गिऱ्हाइकांची जुंपते, पिस्तूल उडतं आणि गोळी लिझच्या पोटात जाते. वर्गातला मॅक्स एव्हन्स, सगळ्यांपासून चार हात लांब राहणारा, धावत येतो, जखमेवर हात ठेवतो आणि ती भरून काढतो. मग केचपची बाटली फोडून तिच्या अंगावर ओततो आणि ‘केचप सांडलं असं सांग’ म्हणून पळून जातो.

परग्रहावरून आलेल्या पोराचं पहिलं मोठं थापेबाजीचं काम केचपवर निभावतं, तिथेच मी या मालिकेची झाले. आणि लिझ पुढे काय करते? रडत बसत नाही. मॅक्सच्या चावलेल्या पेन्सिलीवरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. तिला रेणूजीवशास्त्रज्ञ व्हायचंय, ते नुसतं संवादात सांगून सोडून दिलेलं नाही. (पुढच्या सीझनमध्ये लेखकांना तिच्या या हुशारीचा विसर पडतो. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.)

आता शेरिफ. जिम व्हॅलेंटी. विल्यम सॅडलर या नटाने केलाय. जिमचे वडीलही शेरिफच होते. परग्रहवासी आहेत म्हणून आयुष्यभर मागे लागले, गावाने ‘सार्जंट मार्शियन’ (मंगळवासी सार्जंट) म्हणून टिंगल केली, आणि आता ते वृद्धाश्रमात आहेत. बापासारखं हसं होऊ द्यायचं नाही, ही जिमची भीती. आणि बापाचं खरं असेल तर? ही त्याहून मोठी. सुरुवातीच्या भागांत तो दारात उभा राहिला तरी पोरांच्या घशाला कोरड पडते. आवाज चढवत नाही, टोपी हातात घेऊन साधे प्रश्न विचारतो. मग पहिल्या सीझनच्या शेवटी त्याच्या स्वतःच्या मुलाला, काईलला, गोळी लागते. ज्या पोराच्या तो वर्षभर मागावर होता तोच पोरगा काईलच्या छातीवर हात ठेवतो. त्या क्षणानंतर हा माणूस बदलतो. पण एका रात्रीत देव होत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये या पोरांना पाठीशी घालता घालता नोकरी घालवून बसतो. काईल तिकडे बौद्ध धर्माची पुस्तकं वाचायला लागतो. बापलेकाच्या त्या घरातल्या अवघडलेल्या गप्पांसाठी मी कितीही अंतराळयुद्धं सोडून देईन.

मला वाटतं, ही मालिका जिथे छोटी आहे तिथेच मोठी आहे. मायकलचंच घ्या. तो आणि मॅक्सची बहीण इझाबेल हेही परग्रहावरचेच. मॅक्स आणि इझाबेलला प्रेमळ दत्तक आईबाप मिळाले, मायकलच्या वाट्याला दारुडा पालक आला. तो मार खाऊन भर पावसात लिझच्या मैत्रिणीच्या, मारियाच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. एरवी मारिया एक मिनिट गप्प बसत नाही, घाबरली की सुगंधी तेलाची कुपी हुंगत असते. त्या रात्री ती काही विचारत नाही. आत घेते आणि रडू देते. यात परग्रह कुठे आहे? कुठेच नाही. पण ‘आपण कोण हे कोणाला सांगता येत नाही’ हे ओझं तेच आहे.

मी यंदा हे सगळं माझ्या चौदा वर्षांच्या भाचीबरोबर पुन्हा पाहिलं. तिने 2019 ची नवी आवृत्ती आधी पाहिलेली, त्यात ही मंडळी शाळकरी नसून मोठी झालेली आहेत. त्यामुळे तिचा पहिला आक्षेप, ‘मावशी, हे सगळे एकमेकांना मेसेज का करत नाहीत?’ दुसरा आक्षेप, मॅक्स इतका टक लावून का बघतो. दोन्ही रास्त. मॅक्सचं ते कुत्र्याच्या पिल्लासारखं बघणं मलाही आता जड जातं.

टबॅस्को या तिखट सॉसचा किस्सा मात्र तिला फार आवडला. मालिकेतल्या मॅक्स, इझाबेल आणि मायकल या तिघांना गोड आणि तिखट एकत्र लागतं, त्यामुळे दिसेल त्यावर टबॅस्को सॉस ओततात. पहिल्या सीझननंतर मालिका गुंडाळणार असं दिसल्यावर चाहत्यांनी द डब्ल्यूबी वाहिनीच्या कचेरीत टबॅस्कोच्या हजारो बाटल्या धाडल्या. दुसरा सीझन मिळाला! तिसरा यूपीएन या दुसऱ्या वाहिनीवर गेला आणि तिथेच संपला.

आता खरं सांगायचं तर बाटल्या धाडून जे मिळालं ते सगळंच गोड नव्हतं. निर्माते जेसन कॅटिम्सचा जीव माणसांत. पण दुसऱ्या सीझनमध्ये विज्ञानकथा वाढवायची म्हणून रोनाल्ड मूर या लेखकाला आणलं, ज्याने पुढे ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही अंतराळमालिका नव्याने उभी केली. ‘भविष्यातून आलेला मॅक्स’ हा अप्रतिम भाग त्याच सीझनमधला, त्यामुळे सरसकट नावं ठेवणार नाही. पण शाळेतली पोरं परग्रहाचा राजा, राजकन्या वगैरे निघाली की माझा हात रिमोटकडे जातो. राजा झाल्यावर मॅक्सचं घाबरणंच संपतं. लिझ आणि मारियाचा मित्र अॅलेक्स, त्याचं काय होतं ते सांगत नाही. त्या भागानंतर मात्र आम्ही दोघींनी दोन दिवस पुढचं काही लावलं नाही.

एक तक्रार डीव्हीडीबद्दल. मूळ प्रसारणातली बरीच गाणी हक्कांच्या भानगडीमुळे त्यात बदललेली आहेत. डायडोचं शीर्षकगीत शाबूत आहे, पण ज्या प्रसंगाला जे गाणं कानात बसलंय तिथे भलतंच वाजलं की जेवताना खडा लागावा तसं होतं. नव्याने बघणाऱ्याला कळणारही नाही.

तर माझा सल्ला : पहिला सीझन सलग बघा, घाई न करता. दुसरा निवडून. तिसऱ्यात मॅक्स आपल्या मुलाच्या शोधात सगळ्यांना वेठीला धरतो, तो सोडलात तरी चालेल. भाचीलाही मी हेच सांगितलं आणि माझ्या कामाला लागले. तिने अर्थातच ऐकलं नाही. परवा आतल्या खोलीतून ओरडली, ‘मावशी, तुझा शेरिफ बँड काढून गातोय!’

तो भाग मी विसरले होते. हातातलं काम तसंच टाकून गेले. गातो बरा.