रक्तवाहिन्यांसाठी नैसर्गिक उपाय: चालणं, आहार की कॅप्सूल?

पाय दुखतात म्हणून लसणाच्या कॅप्सूल आणण्याआधी दुखणं कोणत्या जातीचं आहे ते बघा. चालायला लागलं की पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत ओसरतो, तर संशय धमनीवर. उलट दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पाय जड होतात, घोट्यांवर सूज चढते आणि पाय उंच ठेवले की बरं वाटतं, तर दोष बहुधा अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या शिरांचा. दोन्हींना आपण ‘रक्ताभिसरण बिघडलंय’ असंच म्हणतो, आणि गफलत इथेच होते. कॉम्प्रेशनचे घट्ट मोजे शिरांच्या त्रासात खरोखर आराम देतात. धमनी फार अरुंद झालेली असेल, तर तेच मोजे पायाला मिळणारं थोडंफार रक्तही अडवतात. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून बघायची एक सोपी तपासणी आहे, तिच्यात सुईसुद्धा टोचत नाहीत. गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आलं, की धमनीचा आजार धरतात. ती आधी करून घ्या.

धमनीचाच त्रास निघाला, तर माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यात वर चालणं. तेही रमतगमत नव्हे. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, दुखणं पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा चालायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे. दुखतंय तर चालू कशाला, असं वाटणं साहजिक आहे, पण या व्यायामाचा फायदा त्या दुखण्यापर्यंत जाण्यातच आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्लेव्हर’ या अमेरिकी अभ्यासात पोटाकडून पायांत उतरणाऱ्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांपैकी काहींना स्टेंट बसवला, काहींना देखरेखीखाली चालवलं. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याची क्षमता चालणाऱ्यांची जास्त वाढली होती. दैनंदिन जगण्यातला आराम मात्र स्टेंटवाल्यांनी जास्त सांगितला, हेही लक्षात ठेवायला हवं. चालण्याने धमनीतला अडथळा विरघळत नाही. स्नायू मिळेल तेवढा ऑक्सिजन काटकसरीने वापरायला शिकतात आणि धमनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतो, त्यामुळे वाहिनी सैल होते. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं होतं. बसल्या जागीही पाय दुखत असेल किंवा पावलावर न भरणारी जखम असेल, तर मात्र हा प्रयोग घरी करू नका, डॉक्टरांना गाठा.

तंबाखू सुरू असेल तर बाकीची तुलना व्यर्थ आहे. ती आधी सोडा.

आता आहार आणि कॅप्सूल. स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेले ७,४४७ जण होते. ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा भरपूर असलेला भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात अशा घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसल्या. गट पाडण्यातल्या चुका सापडल्याने तो २०१८ मध्ये नव्याने छापावा लागला, तरी निष्कर्ष साधारण तोच राहिला. कॅप्सूलच्या बाजूला असं काही सापडत नाही. २०२२ च्या ‘स्पोर्ट’ चाचणीत सुमारे १९० जणांना २८ दिवस रोझुवास्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन गटातलं औषध) छोटी गोळी, सहापैकी एखादं पूरक किंवा नुसती बनावट गोळी दिली. पूरकांत लसूण, हळद, दालचिनी, माशाचं तेल हे सगळं होतं. स्टॅटिनने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरलं. एकही पूरक बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. खर्च स्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीचा होता, त्यामुळे शंका घ्यायला जागा आहे. पण २००७ च्या स्टॅनफर्डच्या चाचणीतही सहा महिने कच्चा लसूण खाऊन वाईट कोलेस्टेरॉल हललं नव्हतं. स्वयंपाकात लसूण जरूर घाला, औषधाच्या जागी नको.

रेड यीस्ट राइसची, म्हणजे लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाच्या पूरकाची, गोष्ट वेगळी. त्यातलं मोनाकोलिन के हे द्रव्य म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिन औषधच. गोळीला घाबरून लोक तीच गोळी मोजमाप न कळता घेतात. गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काने चालण्याचं अंतर लक्षणीय वाढल्याचा भक्कम पुरावा नाही. शिरेतून देण्याच्या चिलेशनबद्दल (शरीरातले धातू बांधून बाहेर काढणारं औषध) २०१३ मध्ये मधुमेहींसाठी आशा वाटली होती. २०२४ च्या दुसऱ्या चाचणीत ती टिकली नाही.

शिरांच्या त्रासात मात्र एका वनस्पतीला मान द्यावा लागतो: हॉर्स चेस्टनटच्या बियांचा शुद्ध केलेला अर्क. थोड्या दिवसांसाठी सूज आणि दुखणं त्याने कमी होतं. कच्ची बी विषारी असते, घरी काढा करू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर गिंको आणि लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. आणि पाय एकाएकी थंड, पांढराफटक, बधिर पडला, तर वरचं सगळं बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा. अशा वेळी पाय वाचवायला हातात फक्त काही तास असतात.